वाळू, पंप आणि पाणी : पेस्लीपासून परसातल्या तलावापर्यंत

१/
थ्रेड : जमिनीवर उभा करायचा पोहण्याचा तलाव विकत घेतला, की त्याच्यासोबत एक पंप आणि वाळू भरायची एक गोल टाकी येते. माहितीपत्रकातील सूचना पाळून ही जोडणी एका दुपारी पूर्ण होते. त्या सूचनांपैकी बहुतेकांच्या मागे गेल्या सव्वादोनशे वर्षांतील एखादा प्रयोग उभा आहे. काहींच्या मागे हजारो मृत्यू आहेत. त्या टाकीचा हा इतिहास.

२/
पाणी निवळून घेण्याची रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत पाणी स्वच्छ करण्याच्या साधनांमध्ये कतक, म्हणजेच निवळीच्या बिया, आणि वस्त्र यांचा उल्लेख येतो. आपल्याकडे गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवण्याची पद्धत कालपरवापर्यंत घरोघरी होती. पण हे उपाय हंड्याएवढे होते. संपूर्ण शहराचे पाणी गाळायचे तर कसे, हा प्रश्न कारखानदारीच्या युगाने उभा केला.

३/
त्याचे एक आरंभीचे उत्तर स्कॉटलंडमधील पेस्ली या कापडाच्या गावात सापडले. तेथे जॉन गिब याचा कापड शुभ्र करण्याचा कारखाना होता आणि नदीच्या गढूळ पाण्याने माल खराब होत असे. १८०४ मध्ये त्याने खडी आणि वाळू यांच्या थरांतून पाणी गाळण्याची व्यवस्था उभारली. कारखान्याची गरज भागून उरलेले पाणी तो गावकऱ्यांना विकू लागला. वाळूने गाळलेले पाणी लोकांच्या घरी पोहोचले ते असे, एका धंद्याच्या अडचणीतून.

४/
पुढचे पाऊल लंडनमध्ये पडले. थेम्सचे पाणी पिण्याच्या लायकीचे राहिलेले नाही, ही ओरड १८२० च्या दशकात वाढली होती. चेल्सी वॉटरवर्क्स या कंपनीचा अभियंता जेम्स सिम्पसन याने १८२९ मध्ये सुमारे एक एकर क्षेत्राची वाळूगाळणी सुरू केली. तळाशी पाणी वाहून नेणारे विटांचे नळ, त्यावर जाड खडी, मग बारीक खडी आणि सर्वांत वर वाळू. परसातल्या तलावाच्या टाकीचा आडवा छेद घेतला, तर आजही रचनेचा हाच क्रम ओळखू येतो.

५/
ही गाळणी सावकाश चालत असे. पाणी वाळूवर साचून राही आणि स्वतःच्या भाराने तासाला जेमतेम १० ते २० सेंटिमीटर या वेगाने खाली उतरे. काही दिवसांत वाळूच्या पृष्ठभागावर एक चिकट साय धरू लागे. जर्मन अभियंत्यांनी तिला ‘श्मुत्सडेके’ म्हटले. शब्दशः अर्थ ‘मळाचे पांघरूण’. फार दाट झाल्यावर पाणी अडे, तेव्हा मजूर पाणी उतरवून फावड्याने वरचा पातळ थर खरवडून काढत.

६/
या सायीचे खरे काम तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ती सूक्ष्म जीवांची वस्ती होती आणि पाण्यातील रोगजंतूंचा फडशा तीच पाडत होती. अभियंत्यांचे उद्दिष्ट एवढेच होते, की पाणी डोळ्यांना नितळ दिसावे. लंडनमध्ये नदीचे घरगुती वापराचे पाणी गाळूनच द्यावे, अशी सक्ती करणारा कायदा १८५२ मध्ये झाला. रोग दूषित हवेतून पसरतात असे बहुसंख्य डॉक्टर मानत होते, तो हा काळ. कारण चुकीचे समजले असतानाही उपाय बरोबर लागू झाला होता.

७/
कारण आणि उपाय यांची गाठ पडली ती जर्मनीत, एल्बे नदीच्या काठी. हाम्बुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे एकमेकांना इतकी खेटून होती, की काही ठिकाणी त्यांची सीमा रस्त्यांमधून जात असे. हाम्बुर्ग हे स्वायत्त, श्रीमंत व्यापारी शहर. आल्टोना प्रशियाच्या राज्यात. १८४२ च्या भीषण आगीनंतर हाम्बुर्गने विल्यम लिंडली या इंग्रज अभियंत्याकडून नवी पाणीव्यवस्था बांधून घेतली. नळ आले, उपसा आला. गाळणी मात्र राहून गेली.

८/
आल्टोनाची परिस्थिती वरकरणी अधिक वाईट होती. ते प्रवाहाच्या खालच्या अंगाला असल्याने हाम्बुर्गचे सारे सांडपाणी मिसळलेले पाणीच त्याच्या वाट्याला येई. म्हणून त्या शहराने १८५९ मध्ये ब्लांकेनेजेजवळच्या टेकडीवर वाळूगाळण्या बांधल्या. पंप नदीचे पाणी टेकडीवर चढवत, वाळू ते गाळून घेई आणि मग उताराने ते शहरात येई. वरच्या अंगाचे शहर तुलनेने स्वच्छ पाणी न गाळता पीत होते; खालच्या अंगाचे शहर घाण पाणी गाळून पीत होते.

९/
१८९२ च्या ऑगस्टमध्ये हाम्बुर्गमध्ये कॉलरा पसरला. शहर-प्रशासनाने साथ जाहीर करण्यास उशीर केला, कारण बंदर बंद पडण्याची भीती होती. काही आठवड्यांत सुमारे १७,००० लोक आजारी पडले आणि साडेआठ हजारांहून अधिक दगावले. हे प्रमाण दर हजारी सुमारे तेरा होते. त्याच नदीवरच्या आल्टोनात ते दर हजारी सुमारे दोन राहिले, आणि त्या रुग्णांतही अनेकांना संसर्ग हाम्बुर्गमध्येच झालेला होता.

१०/
रोबर्ट कॉख ऑगस्टच्या अखेरीस हाम्बुर्गमध्ये पोहोचला. त्यानेच १८८३–८४ मध्ये इजिप्त आणि कोलकाता येथे कॉलऱ्याच्या जंतूचा माग काढला होता. सीमेवरच्या रस्त्यांची स्थिती पाहिल्यावर त्याला आणखी युक्तिवादाची गरज उरली नाही. हवा तीच, माती तीच, दारिद्र्य तेच. रस्त्याच्या एका बाजूला मृत्यू होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता. हाम्बुर्गच्या हद्दीतील कामगारांची एक चाळवजा वस्ती मात्र साथीतून वाचली. तिला पाणी आल्टोनाच्या नळातून मिळत होते.

११/
तरीही वाद संपला नाही. म्युनिकचा विख्यात आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर हा जंतू एकटाच पुरेसा आहे असे मानत नव्हता. स्थानिक जमीन आणि भूजल यांवर त्याचा भर होता. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी ऑक्टोबर १८९२ मध्ये त्याने कॉलऱ्याच्या जंतूंचे द्रावण स्वतः प्यायले. त्याला किरकोळ जुलाब झाले आणि तो वाचला. मात्र दोन शहरांच्या सीमेवर आधीच झालेल्या त्या प्रचंड प्रयोगापुढे एका माणसाचे वाचणे फारसे वजनदार ठरले नाही.

१२/
या कथेचा एक उत्तरार्ध आहे, आणि गाळणी चालवणाऱ्यांसाठी तोच अधिक मोलाचा. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात आल्टोनातही कॉलऱ्याची लहानशी साथ आली. कडाक्याच्या थंडीत खरवडलेल्या गाळणीची वाळू गोठली होती. तिचे काम बिघडले आणि जंतू नळात उतरले. कॉखने यातून कठोर धडा काढला : गाळणी बांधून भागत नाही, तिच्यावर रोज लक्ष ठेवावे लागते. गाळण्याचा वेग ताशी १०० मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, हा दंडक याच काळात रूढ झाला. हाम्बुर्गची स्वतःची गाळणी काल्टेहोफे येथे १८९३ मध्ये सुरू झाली. तिचे बांधकाम साथीच्या आधीच सुरू होते; ते फक्त वेळेत पूर्ण झाले नव्हते.

१३/
या सावकाश गाळणीला दोन मर्यादा होत्या. तिला अफाट जागा लागे आणि फार गढूळ पाणी आले की ती लगेच तुंबे. अमेरिकेतील ओहायोसारख्या नद्यांचे पाणी चिखलाने भरलेले असे. तेथे ही पद्धत टिकेना. १८८० च्या दशकात न्यू जर्सीतील हायट बंधूंनी ‘जलद गाळणी’ बाजारात आणली. त्यांपैकी जॉन वेस्ली हायट हा सेल्युलॉइडसाठी अधिक ओळखला जातो. दुसरा भाऊ आयझाया याला १८८४ मध्ये, पाणी गाळण्याआधी त्यात साखळणारे द्रव्य मिसळण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले.

१४/
पुढे या कामासाठी सर्वाधिक वापरली गेलेली वस्तू मराठी वाचकाला अनोळखी नाही : तुरटीच्या कुळातील ॲल्युमिनियमचा क्षार. हंड्यात तुरटी फिरवल्यावर जे घडते तेच येथे घडे. मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचे मोठे पुंजके होत आणि वाळू त्यांना सहज अडवी. त्यामुळे पाणी सावकाश गाळणीच्या चाळीस-पन्नास पट वेगाने सोडता येऊ लागले.

१५/
जलद गाळणीची दुसरी करामत म्हणजे तिची सफाई. फावडी घेऊन वाळू खरवडण्याऐवजी पाण्याचा प्रवाह उलटा फिरवायचा. खालून जोराने आलेले पाणी वाळूचा थर फुगवते, कण एकमेकांवर घासले जातात, हलका मळ वर उचलला जाऊन बाहेर वाहतो आणि जड वाळू पुन्हा खाली बसते. ‘बॅकवॉश’ हा शब्द आज जलतरण तलावाच्या प्रत्येक मालकाच्या तोंडी असतो. त्याचे मूळ येथे आहे.

१६/
या पद्धतीला शास्त्राचा पाया दिला जॉर्ज वॉरेन फुलर याने. १८९५ ते १८९७ या काळात लुइव्हिल येथे ओहायो नदीच्या पाण्यावर त्याने पद्धतशीर प्रयोग केले. त्याने उभारलेले लिटल फॉल्स येथील गाळणी केंद्र १९०२ मध्ये सुरू झाले आणि पुढील केंद्रांसाठी नमुना ठरले. १९०८ मध्ये जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील याने क्लोरीनयुक्त द्रव्य सतत मिसळण्यास सुरुवात केली. त्या यंत्रणेची आखणीही फुलरचीच होती. वाळू पाणी नितळ करील आणि क्लोरीन जंतू मारील, ही श्रमविभागणी तेथून रुळली.

१७/
पोहण्याच्या तलावांत मात्र अजून जुनाच कारभार होता. इंग्लंडमध्ये १८४६ च्या कायद्याने सार्वजनिक स्नानगृहांना चालना मिळाली, पण त्यांतील तलाव ‘भरा आणि उपसा’ या रीतीने चालत. ताजे पाणी भरायचे, काही दिवस सर्वांनी त्यात पोहायचे, पाणी फारच मळले की सोडून द्यायचे. कित्येक ठिकाणी ताज्या पाण्याच्या दिवशी शुल्क अधिक असे आणि पाणी मळत जाई तसे ते उतरे. गरिबाच्या वाट्याला आठवड्याचे शेवटचे पाणी येई.

१८/
१९१० च्या सुमारास अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात जॉन वायमंड मिलर बंकर याने तेथील तलावाच्या पाण्यावर क्लोरीनयुक्त द्रव्याचा प्रयोग केला आणि जंतूंची संख्या झपाट्याने घटल्याचे दाखवले. पुढे तलावांच्या व्यवस्थेत एक साधी पण दूरगामी कल्पना रुजली : पाणी बदलायचे नाही, फिरवायचे. पंपाने ते तलावातून खेचायचे, वाळूतून गाळायचे, जंतुनाशक द्यायचे आणि पुन्हा तलावात सोडायचे.

१९/
या फिरवण्याचे गणित १९२६ मध्ये गेज आणि बिडवेल यांनी मांडले. गाळलेले पाणी न गाळलेल्या पाण्यातच परत मिसळते. म्हणून तलावाच्या घनफळाएवढे पाणी एकदा गाळणीतून गेले, तरी मूळच्या मळापैकी फक्त ६३ टक्के निघतो. दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५, चार फेऱ्यांत ९८ टक्के. दोन तास पंप चालवून पाणी निवळत का नाही, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर शंभर वर्षे जुने आहे.

२०/
आता हेच गणित परसातल्या तलावाला लावून पाहू. व्यास साडेचार मीटर आणि पाण्याची खोली १.१ मीटर असेल, तर पाणी सुमारे १७,५०० लिटर भरते. आठ तासांत एक फेरी हवी, तर तासाला सुमारे २,२०० लिटर गाळले पाहिजेत. कॉखच्या काळातील ताशी १०० मिलिमीटरच्या मर्यादेने एवढे पाणी गाळायला २२ चौरस मीटरची गाळणी लागेल. तलावाचा स्वतःचा पृष्ठभाग १६ चौरस मीटरही नाही. म्हणजे गाळणी तलावाहून मोठी बांधावी लागली असती.

२१/
प्रत्यक्षात ४० सेंटिमीटर व्यासाची टाकी हे काम करते. तिच्यातून पाणी तासाला सुमारे साडेसतरा मीटर वेगाने उतरते. जुन्या मर्यादेच्या पावणेदोनशे पट. अशा घाईत ‘श्मुत्सडेके’ जमणे शक्य नाही, म्हणून ही वाळू जंतू मारत नाही, फक्त कण अडवते. ते कणही सगळे पहिल्या फेरीत अडकत नाहीत. मात्र पिण्याच्या पाण्याला गाळणीतून जाण्याची एकच संधी असते, तर तलावाच्या पाण्याला पुन्हापुन्हा मिळते. वेगाने घालवलेले पाणी फेऱ्यांनी भरून काढायचे, हा यातील व्यवहार आहे.

२२/
असा तलाव घरोघरी पोहोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत. उपनगरे वाढली, स्वस्त साहित्य आले. पण कारणे एवढीच नव्हती. पोलिओच्या धास्तीने उन्हाळ्यात सार्वजनिक तलाव बंद होत. लस १९५५ मध्ये आली. शिवाय वर्णद्वेष होता. २१ जून १९४९ रोजी सेंट लुइस येथील फेअरग्राउंड पार्कचा तलाव कृष्णवर्णीयांना प्रथमच खुला झाला, त्या दिवशी गोऱ्या जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. तलाव सर्वांसाठी खुले होऊ लागले तसतसे अनेक शहरांत गोरे लोक त्यांच्याकडे पाठ फिरवून खासगी तलावांकडे वळले. वाळू आणि क्लोरीन यांनी पाण्याची शुद्धी सोडवली होती. माणसांच्या मनातील ‘शुद्धी’ हा वेगळाच गाळ होता.

२३/
या इतिहासाच्या उजेडात जोडणीचे टप्पे वाचावेत. पंप आणि टाकी सपाट, घट्ट जमिनीवर बसवतात. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला, तर त्यात हवा न शिरता पाणी आपोआप भरते. पंपाआधी जाळीची टोपली असते. पाने आणि केस तेथेच अडतात. टाकीच्या तळाशी बारीक फटींचे नळ चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले असतात. सिम्पसनच्या विटांच्या नळांचे हे वंशज. वाळू ओतण्याआधी टाकी अर्धी पाण्याने भरायची, म्हणजे पडणाऱ्या वाळूने हे नाजूक नळ मोडत नाहीत. मधला उभा नळ झाकून ठेवायचा, नाहीतर वाळू त्यात उतरून थेट तलावात जाते.

२४/
वाळूही कोणतीही चालत नाही. सुमारे अर्धा मिलिमीटर कणांची, धुतलेली, एकसारखी सिलिका वाळू लागते. कण फार बारीक असतील तर फटींतून निसटतात, फार जाड असतील तर मळ सोडून देतात. वाळू भरल्यावर गाळणे लगेच सुरू करायचे नसते. आधी बॅकवॉश करून वाळूतील धूळ बाहेर काढायची, मग थोडा वेळ सरळ प्रवाहाने खळखळून ते पाणीही बाहेर सोडायचे आणि त्यानंतरच पाणी तलावाकडे वळवायचे. झडपेची मूठ फिरवण्याआधी पंप प्रत्येक वेळी बंद करायचा, कारण चालू दाबाखाली आतील रबरी पट्टी उखडते. पाण्याशेजारी वीज असल्याने गळती ओळखून प्रवाह तोडणारा ब्रेकर अनिवार्य समजावा.

२५/
शेवटची सूचना दाबमापकाची. स्वच्छ वाळू असताना काटा कोठे आहे, ते पहिल्याच दिवशी टिपून ठेवायचे. मळ साचतो तसा दाब चढतो. तो आठ ते दहा पीएसआयने वाढला की बॅकवॉशची वेळ झाली. वारंवार बॅकवॉश करण्याचीही गरज नसते, कारण थोडा अडकलेला मळ पुढचा मळ अधिक चांगला धरतो. ‘मळाच्या पांघरुणा’चा एवढा अंश या घाईच्या गाळणीतही शिल्लक आहे. काट्यावर रोज नजर ठेवणे म्हणजे आल्टोनाच्या हिवाळ्याने शिकवलेला धडा पाळणे होय.

२६/
हा धडा जुना झाला असे कोणाला वाटत असेल, तर १९९३ मधील मिलवॉकी आठवावे. तेथे गाळणी होती, क्लोरीन होते, प्रशिक्षित कर्मचारीही होते. वसंताच्या आरंभी एका केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नळांत पोहोचला. क्लोरीनला तो सहज दाद देत नाही. त्याला रोखण्याची मुख्य भिस्त गाळणीवरच असते. सुमारे चार लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. हाच परजीवी जलतरण तलावांतूनही पसरतो.

२७/
पेस्लीच्या कारखानदाराला शुभ्र कापड हवे होते, लंडनला नितळ पेला हवा होता, हाम्बुर्गला बंदर चालू हवे होते. वाळूने प्रत्येकाचे काम केले, जोवर कोणी ती बसवली आणि सांभाळली. एका दुपारी जोडलेली टाकी उन्हाळाभर चालते, पण तिच्याकडे पाहणारे कोणीतरी असावे लागते. हाम्बुर्गची गाळणी १८९३ मध्ये सुरू झाली. एक वर्ष आधी झाली असती तर हजारो माणसे वाचली असती.

(थ्रेड समाप्त)